तीन प्रस्ताव, तीन निकाल : ठाण्यातील एका सोसायटीच्या मतदानाचा प्रकरण अभ्यास

ही सोसायटी कोणती ते ओळखू येऊ नये म्हणून जागेचे तपशील, मजले आणि सभासदसंख्या बदलली आहे. मतांचं परस्पर प्रमाण आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी या सोसायटीची सभासद नाही. मतमोजणीला आणि त्यानंतरच्या दोन बैठकांना त्रयस्थ म्हणून मला बोलावलं होतं.

पार्श्वभूमी

घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला तीन इमारतींची ही सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. अ आणि ब या विंग चौदा मजली, मिळून १२० घरं. मागे खाडीच्या अंगाला क विंग, सात मजली, ३६ घरं. येऊरच्या उतारावरून खाडीकडे जाणारं पाणी आवाराच्या कडेच्या नाल्यातून वाहतं. समोरचा रस्ता दर काँक्रीटीकरणात वर चढत गेला आणि आवार खोलात राहिलं. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की क विंगच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं, आणि त्या विंगची मीटर रूमही तिथेच, तळमजल्यावर. तिच्या दाराच्या चौकटीवर वॉचमननं दर पावसाळ्यात पेन्सिलनं रेघ मारून पुढे साल लिहिलं आहे. २०१९ ची रेघ माझ्या गुडघ्याच्या वर येते. पाणी वाढलं की तो कोरड्या लाकडी काठीनं मेन स्विच पाडतो आणि क विंग अंधारात जाते. ही काठी कोपऱ्यात कायमची ठेवलेली आहे.

सोसायटीकडे मोबाइल टॉवरच्या भाड्यातून जमलेली ३० लाखांची मुदत ठेव होती. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला पैसा) आणि दुरुस्ती निधी वेगळे, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. ठेवीची मुदत २०२४ मध्ये संपत होती आणि या पैशांचं काय करायचं याचे तीन प्रस्ताव कमिटीकडे आले. एक, अ आणि ब विंगच्या जुन्या लिफ्ट काढून नव्या बसवायच्या, खर्च सुमारे २८ लाख. दोन, तिन्ही गच्च्यांवर मिळून ५० किलोवॅटचे सोलर पॅनल, म्हणजे पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांचं सामाईक बिल उतरेल, खर्च सुमारे २६ लाख. तीन, क विंगचं पार्किंग उंच करणं, पाण्याचा निचरा, पंप आणि मीटर रूम वर हलवणं, हाही सुमारे २६ लाख. तिन्हींपैकी कुठलेही दोन पूर्ण स्वरूपात एकत्र बसत नव्हते.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे, कारण पुढचा सगळा राग तिच्यातून आला. क्लबहाउसचं नूतनीकरण, पुढच्या गेटची कमान, अ विंगसमोरची बाग: मागच्या काही वर्षांत मतदानाला गेलेल्या प्रत्येक मोठ्या खर्चात क विंग हरली होती. प्रत्येक वेळी मतदान नियमाप्रमाणेच झालं होतं. कुणी लबाडी केली नव्हती. १२० विरुद्ध ३६ असं गणित असलं की लबाडीची गरजच पडत नाही.

समस्या

सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चेअरमननी तिन्ही प्रस्ताव एकापाठोपाठ एक वाचले आणि हात वर करायला सांगितलं. लिफ्टला ५८ हात, निचऱ्याला ३६, सोलरला २९. चेअरमननी लिफ्टचा प्रस्ताव बहुमतानं मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि पुढचा विषय घेतला.

क विंगमधल्या एका काकूंनी उठून विचारलं, "साहेब, १२३ जणांनी हात वर केले. त्यातल्या ६५ जणांना लिफ्ट नकोय. मग बहुमत कुणाचं?" सभेत गोंधळ झाला. इतिवृत्तात "बहुमताने मंजूर" असंच लिहिलं गेलं. आठवड्याभरात क विंगच्या २२ सभासदांचं पत्र आलं: आमचा विरोध इतिवृत्तात नोंदवा, नाहीतर आम्ही सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ. काहींनी मेंटेनन्स थांबवण्याची भाषा केली.

काकूंचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा होता. दोनच पर्याय असतील तर साध्या बहुमताला तोड नाही. अमेरिकी गणितज्ञ केनेथ मे यांनी १९५२ मध्ये हे सिद्धच केलं: सगळ्या मतदारांना सारखं वागवणारा, दोन्ही पर्यायांना सारखं वागवणारा आणि पाठिंबा वाढला की निकाल त्या दिशेनं झुकवणारा नियम एकच, तो म्हणजे बहुमत. अडचण तिसरा पर्याय आला की सुरू होते. मतं तीन वाटांनी फुटतात, आणि ज्याच्याकडे सर्वांत मोठा गठ्ठा तो निम्म्याहून अधिक लोकांना नको असतानाही पुढे जातो. सोसायटीच्या सभेत असे तिहेरी प्रश्न वारंवार येतात आणि आपण ते दोन पर्यायांच्या नियमानं सोडवायला जातो.

इतिवृत्त कायम करण्याआधी विशेष सर्वसाधारण सभा घेऊन विषय पुन्हा मांडायचं कमिटीनं मान्य केलं. मला वाटतं या प्रकरणातलं हे पहिलं शहाणपणाचं पाऊल. ते चेअरमननी स्वतःच्या विंगचा रोष पत्करून उचललं.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन फेऱ्या: पहिल्या फेरीतले पहिले दोन घेऊन पुन्हा मतदान. पण हातांच्या मोजणीत सोलर तिसरं होतं, म्हणजे दुसऱ्या फेरीत लिफ्ट विरुद्ध निचरा, अर्थात अ-ब विरुद्ध क अशी उघड लढत झाली असती. ते कुणालाच नको होतं.

ब विंगमधल्या एका शिक्षिका जून २०२४ मध्ये कोकण पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत ड्यूटीवर होत्या. त्या म्हणाल्या, पदवीधरच्या मतपत्रिकेवर आपण नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, तसंच इथेही लिहू. हे लोकांना लगेच पटलं, कारण ठाण्यातल्या बऱ्याच पदवीधरांनी त्या जांभळ्या पेननं आकडे लिहिलेले आहेत. त्या पद्धतीत वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा असतो. तो कुणालाच मिळाला नाही तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात.

यावर आक्षेप आला की हरणाऱ्याच्या समर्थकांना दोन मतं मिळतात. तसं होत नाही. मत एकच असतं, ते फक्त सरकतं. उदाहरण द्यायला १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक कामी आली. तिथे प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतमूल्यं होती, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, आणि आपल्या महाडजवळचे चिंतामणराव देशमुख तिसरे, १,१२,७६९ वर. कोटा ४,१८,१६९ चा होता आणि गिरी त्याच्या आत राहिले. देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती बहुतांश रेड्डींकडे गेल्या, तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. प्रत्येक फेरीत प्रत्येक मतपत्रिका एकदाच मोजली गेली होती.

तिसरी कल्पना गुणांची: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य, आणि बेरीज. फ्रान्सच्या बोर्दा यांनी १७७० मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे ही पद्धत मांडली आणि अकादमीनं काही काळ ती सभासद निवडायला वापरलीही. ती समजायला सोपी, पण तिच्यात खेळी करणंही सोपं. लिफ्टवाल्यांना खरं म्हणजे सोलर दुसऱ्या क्रमांकाचं वाटत असलं तरी ते मुद्दाम तिसऱ्यावर ढकलू शकतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका संध्याकाळी तसा निरोप फिरला असता तर संपलंच.

चौथी पद्धत फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्से यांची, १७८५ सालची. प्रत्येक दोन पर्यायांची समोरासमोर तुलना करायची: लिफ्ट की सोलर, सोलर की निचरा, निचरा की लिफ्ट. जो दोन्ही लढती जिंकेल तो विजयी. इथे धोका गोल फिरणाऱ्या फेऱ्याचा, म्हणजे चक्राचा आहे: लिफ्ट सोलरला हरवते, सोलर निचऱ्याला आणि निचरा लिफ्टला, असंही घडू शकतं. मग उत्तरच मिळत नाही.

पाचवा विचार पैसे वाटून घेण्याचा. तो या टप्प्यावर क विंगमधल्या एकानंच मांडला आणि बाकीच्यांनी "असे तुकडे केले तर एकही काम धड होणार नाही" म्हणून बाजूला सारला.

कुठली पद्धत निर्दोष, असंही एकानं विचारलं. उत्तर असं आहे की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर अशी पद्धत नाहीच. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये दाखवलं की निष्पक्षतेच्या चार-पाच साध्या अटी एकाच वेळी पाळणारा पसंतीक्रमाचा कोणताही नियम असू शकत नाही. तत्त्वज्ञ गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि अर्थशास्त्रज्ञ सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये त्यात भर घातली की हुकूमशाही नसलेल्या अशा कुठल्याही नियमात, खरी पसंती लपवून फायदा होईल अशी वेळ कधीतरी येतेच. हे ऐकून काही जण म्हणाले, "मग हात वर करणंच काय वाईट?" ते मला पटत नाही. सगळ्या पद्धतींत दोष असले तरी सगळ्यांचे दोष सारखे नसतात, आणि आपल्यापुढच्या प्रश्नात कुठला दोष जास्त बाधतो हे पाहता येतं.

पहिला निर्णयबिंदू : कायद्याची चौकट

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नुसार एका सभासदाला एकच मत, आणि मतं समसमान झाली तर अध्यक्षांचं निर्णायक मत. सभेचा ठराव उपस्थित आणि मत देणाऱ्या सभासदांच्या बहुमतानं होतो. म्हणून गुणांची बेरीज किंवा पसंतीक्रमाची मोजणी हाच ठराव मानला असता तर त्याला उद्या कुणीही आव्हान दिलं असतं.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी यातून वाट काढली. आधी गुप्त मतपत्रिकेनं पसंतीक्रमाचा कौल घ्यायचा. त्यातून एक प्रस्ताव ठरवायचा. मग तो एकटा प्रस्ताव विशेष सभेत हो किंवा नाही या स्वरूपात, सूचक-अनुमोदकासह, नेहमीच्या बहुमताला टाकायचा. कायद्याच्या दृष्टीनं ठराव दुसऱ्या टप्प्यातलाच. मला ही रचना फार आवडली. दोन पर्यायांवर बहुमत उत्तम काम करतं, तर त्याला दोनच पर्याय द्या, आणि ते दोन कुठले हे ठरवायला चांगलं साधन वापरा.

दुसरा निर्णयबिंदू : मोजणी कशी, हे कधी ठरवायचं

सेक्रेटरींचं मत होतं की आधी मतपत्रिका भरून घेऊ, मोजणीची पद्धत नंतर कमिटी ठरवेल. काकांनी इथे मात्र ठाम नकार दिला. आकडे दिसल्यावर पद्धत निवडणं म्हणजे निकाल निवडणं, असं त्यांचं म्हणणं, आणि पुढे काय निघालं ते पाहता त्यांचा हट्ट सोसायटीला वाचवून गेला.

नोटिशीतच छापलं गेलं: समोरासमोरची तुलना. जो पर्याय दोन्ही लढती जिंकेल तो ठरावासाठी पुढे. फेरा निर्माण झाला तर गुणांची बेरीज. कारणही दिलं होतं: जो पर्याय समोरासमोर कुणाकडूनच हरत नाही, त्याच्याविरुद्ध दुसरा प्रस्ताव आणून बहुमत फिरवणं कुणालाच शक्य नाही. उपविधीतल्या बहुमताशी ही पद्धत सर्वांत जवळची.

कौल आणि मोजणी

डिसेंबरमध्ये १५६ पैकी १३२ सभासदांच्या मतपत्रिका वैध ठरल्या. सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल रिकामं केलं आणि तीन पर्यायांचे जे सहा क्रम होऊ शकतात त्यांचे सहा गठ्ठे लावले. मोजणीला तिन्ही विंगचा एकेक माणूस होता. प्रत्येक मतपत्रिका मोठ्यानं वाचून गठ्ठ्यावर ठेवली जात होती.

लिफ्ट, सोलर, निचरा या क्रमाच्या ५०. लिफ्ट, निचरा, सोलर अशा ४. निचरा, सोलर, लिफ्ट अशा ३८. निचरा, लिफ्ट, सोलर अशा ४. सोलर, निचरा, लिफ्ट अशा २६. आणि सोलर, लिफ्ट, निचरा अशा १०.

पहिल्या पसंतीनं पाहिलं तर लिफ्ट ५४, निचरा ४२, सोलर ३६. सोलर पुन्हा तळाला.

समोरासमोर मांडलं तर चित्र उलटं झालं. सोलर विरुद्ध लिफ्ट: ७४ विरुद्ध ५८. सोलर विरुद्ध निचरा: ८६ विरुद्ध ४६. सोलरनं दोन्ही लढती जिंकल्या. फेरा नव्हता. आधी छापलेल्या नियमानुसार सोलर पुढे गेलं.

टेबलावरच्या त्या सहा गठ्ठ्यांत ५० आणि ३८ चे दोन उंच गठ्ठे शेजारी होते. दोन्हींच्या मधल्या ओळीत सोलर. आपल्या पहिल्या पसंतीवरून एकमेकांशी भांडणाऱ्या ८८ लोकांची दुसरी पसंती एकच होती, आणि हात वर करण्याच्या मोजणीत ती कुणालाच दिसली नव्हती.

तिसरा निर्णयबिंदू : बाकीचे निकाल सांगायचे का

कुतूहल म्हणून शिक्षिकांनी त्याच मतपत्रिका पदवीधरच्या पद्धतीनं मोजल्या. सोलर सर्वांत मागे म्हणून बाद. त्याच्या ३६ मतपत्रिकांतल्या २६ निचऱ्याकडे, १० लिफ्टकडे. निचरा ६८, लिफ्ट ६४. निचरा विजयी! गुणांनी मोजलं तर सोलर १६०, लिफ्ट १२२, निचरा ११४. म्हणजे लोकांनी एकदाच दिलेल्या मतांतून हात वर करण्याच्या धर्तीवर लिफ्ट, पदवीधरच्या धर्तीवर निचरा आणि उरलेल्या दोन पद्धतींनी सोलर.

मधला, सगळ्यांना चालणारा पर्याय पहिल्याच फेरीत गळून पडण्याचा हा प्रकार जगातही घडलेला आहे. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहराच्या महापौरपदाच्या २००९ च्या निवडणुकीत समोरासमोर प्रत्येकाला हरवू शकला असता असा उमेदवार शेवटच्या फेरीआधीच बाद झाला, आणि पुढच्या वर्षी शहरानं ती पद्धतच सोडली.

हे आकडे सभासदांना द्यायचे की नाही यावर कमिटीत वाद झाला. सेक्रेटरींची भीती खरी होती: क विंगला कळलं की दुसऱ्या पद्धतीत आपण जिंकलो असतो, तर शांत झालेलं पुन्हा पेटेल. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की द्यावेत. सहा गठ्ठे तीन विंगच्या माणसांनी पाहिले आहेत. कुणीही घरी बसून हे गणित करू शकतो, आणि त्यानं ते केलं की लपवल्याचा आरोप कायमचा चिकटेल.

आकडे नोटीस बोर्डावर लागले. अपेक्षेप्रमाणे क विंगमध्ये खळबळ झाली. पण नियम आधी छापलेला होता आणि त्यावर त्यांच्या प्रतिनिधीचीही सही होती, म्हणून निकालाला आव्हान दिलं गेलं नाही. उलट त्या ४२ पहिल्या पसंतींनी वेगळं काम केलं. १३२ पैकी ४२ जण निचऱ्याला सर्वांत पुढे ठेवतात, म्हणजे सोसायटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, आणि क विंगमध्ये तर घरंच ३६. अ-ब मधल्या काहींनीही निचऱ्याला पहिला नंबर दिला होता. क विंगबद्दलचं "मागे राहतात ते रडतात" हे वाक्य त्या दिवसानंतर मी ऐकलं नाही.

चौथा निर्णयबिंदू : जिंकणाऱ्यानं सगळं घ्यायचं का

इथपर्यंत प्रश्न पद्धतीचा होता. पुढचा प्रश्न कोणतीही पद्धत सोडवत नाही: एखादा गट दर वेळी अल्पमतातच राहणार असेल तर त्याच्या वाट्याला कधीच काही येऊ नये का? बाबासाहेब आंबेडकरांनी अल्पसंख्याकांसाठी एकत्रित मतदानाचा आग्रह धरला होता तो याच प्रश्नापोटी. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवारावर टाकता येत होती. विखुरलेल्या बहुसंख्येपुढे एकवटलेल्या लहान गटाला किमान एक जागा मिळावी, हा त्याचा अर्थ. आजच्या कंपनी कायद्यातही, २०१३ च्या कलम १६३ मध्ये, कंपनीच्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर संचालक निवडताना ही पद्धत वापरता येते.

सोसायटीपुढे जागा नव्हत्या, पैसे होते, आणि पैसे विभागता येतात. आधी बाजूला सारलेला वाटणीचा विचार काकांनी परत टेबलावर आणला. ३० लाखांत १३२ पैकी ४२ जणांचा वाटा काढला तर साडेनऊ लाखांच्या आसपास येतो. निचऱ्याच्या २६ लाखांत पार्किंगची उंची वाढवणं हाच मोठा खर्च होता. मीटर रूम वर हलवणं आणि पाण्याचा पंप एवढंच घेतलं तर नऊ लाख. सोलर ५० ऐवजी ३० किलोवॅटचं केलं तर साडेपंधरा लाख. उरतात साडेपाच लाख. त्यात वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं उपकरण अ आणि ब मध्ये बसतं, आणि लिफ्टच्या दोर-ब्रेकची दुरुस्ती दुरुस्ती निधीतून.

लिफ्टवाले यावर खूश नव्हते. सर्वांत मोठा गट आमचा आणि सर्वांत लहान तुकडाही आमच्याच वाट्याला, हे त्यांचं म्हणणं आकड्यांत खरं होतं. त्यांना दिलेलं उत्तर असं: तुमच्या ५४ पैकी ५० जणांची दुसरी पसंती सोलर आहे, आणि त्यावर निम्म्याहून जास्त पैसे जात आहेत. हे उत्तर सगळ्यांना पटलं नाही. कमिटीतल्या एका सभासदानं राजीनामा दिला.

जानेवारी २०२५ च्या विशेष सभेत हा एकत्रित प्रस्ताव हो-नाही असा मांडला गेला. ९८ हो, २१ नाही. ज्यांनी उपनिबंधकांकडे जायचं ठरवलं होतं, त्यांच्यातल्याच एकानं अनुमोदन दिलं.

परिणाम

मीटर रूम मे महिन्यात पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ गेली. त्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी आलं, घोट्यापर्यंत. पंपानं ते काढलं आणि क विंगची वीज गेली नाही. जुन्या चौकटीवर २०२५ ची रेघ वॉचमननं मारलीच, पण काठी आता तिथे नाही. सोलरचं नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारं) ऑगस्टमध्ये लागलं. ३० किलोवॅटमधून दिवसाला सरासरी १२० युनिटच्या आसपास वीज मिळते असं धरलं जातं. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे ५ लाख ४० हजार. ते लिफ्टसाठी राखून ठेवायचं असा वेगळा ठराव झाला. लिफ्टच्या प्रश्नावर निघालेला राग त्यानं थोडा उतरला, पूर्ण नाही. लिफ्ट जुन्या आहेत आणि त्या बदलाव्याच लागणार आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मीटर रूम मतपत्रिकेवर यायलाच नको होती, हे माझं सर्वांत ठाम मत. पाण्यात उभ्या असलेल्या मीटरमुळे कुणाचा जीव जाऊ शकतो. ते पाणी काढायचं की नाही याचा कौल ज्यांचे मीटर कोरडे आहेत त्यांच्याकडून घेणं अन्यायाचं आहे, मग मोजणी कितीही काटेकोर असो. लिफ्टच्या दोर-ब्रेकचंही तेच. सुरक्षेची कामं आधी दुरुस्ती निधीतून करून घेतली असती तर मतदानाला उरले असते फक्त आवडीनिवडीचे प्रश्न, आणि त्यांवर हरणं कुणालाही सोसतं.

दुसरं, पर्याय कुणी ठरवले? तिन्ही प्रस्ताव कमिटीनं लिहिले, आणि तिन्ही पूर्ण रकमेचे. अर्धं सोलर, अर्धा निचरा असा चौथा पर्याय कुणी छापलाच नाही, म्हणून तो निकालानंतर वाटाघाटीतून काढावा लागला. ठेव तशीच ठेवा, हा पर्यायही नव्हता. आपल्या निवडणुकांत २०१३ पासून नोटा आहे. सोसायटीच्या मतपत्रिकेवर ती ओळ द्यायला काही खर्च नव्हता.

तिसरं, भाडेकरू. क विंगच्या खालच्या दोन मजल्यांवर बरीच घरं भाड्यानं दिलेली आहेत. पाण्यात गाड्या अडकतात त्यांच्या, अंधारात मुलं त्यांची बसतात, आणि मत मालकाचं, जो पुण्यात किंवा दुबईत असतो. कायद्यानं भाडेकरूला मत देता येत नाही, पण कौल घेण्याआधी एक बैठक त्यांच्यासाठी ठेवता आली असती. तेवढंही सुचलं नाही.

चौथं, सहमतीच्या मतदानाचा विचार झाला नाही: जे जे प्रस्ताव चालतील त्या सगळ्यांपुढे खूण करायची. पसंतीक्रमापेक्षा हे भरायला सोपं, ज्येष्ठांना विशेष. क्रम चुकून बाद झालेल्या काही मतपत्रिका त्यात वाचल्या असत्या. उलट, किती चाललं म्हणजे चाललं हे प्रत्येकजण वेगळं ठरवतो, त्यामुळे त्यातही ताणाताणी आहेच. इतक्या घट्ट लढतीत मी तरी पसंतीक्रमच निवडला असता.

सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत सोसायटीनं एक ठराव केला: दोनपेक्षा जास्त पर्याय असलेल्या कुठल्याही खर्चावर आधी गुप्त पसंतीक्रमाचा कौल, मोजणीची पद्धत नोटिशीत छापलेली, आणि पर्यायांच्या यादीत भर घालण्यासाठी प्रत्येक विंगला नोटिशीआधी पंधरा दिवस. जिवाला धोका असलेली कामं मतदानाला न टाकता आधी करायची, ही सूचनाही आली. ती पुढच्या सभेवर ढकलली गेली, कारण धोका कुणी ठरवायचा यावर एकमत झालं नाही.